गुपित कुणाचं राखायचं

दाणोली मागे पडली की सावंतवाडीहून निघालेली गाडी चढाला लागते आणि तीसेक किलोमीटरांचा रस्ता संपवून आंबोलीत पोचते. पुढे फाटे फुटतात. एक रस्ता आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला जातो, दुसरा चंदगड तालुक्यातून बेळगावला. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे चढायचा, तो याच डोंगररांगेतून. आज बेळगावची भाजी खाली येते, मालवण-वेंगुर्ल्याची मासळी वर जाते. इकडची पोरं गोव्यातल्या हॉटेलांत कामाला असतात, कित्येक घरांतली कर्ती माणसं मुंबईत असतात, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. नकाशावर कडेला दिसणारं हे गाव खरं तर वर्दळीच्या मधोमध आहे.

रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांवरच्या या पुस्तकाची ओळख आंबोलीपासून करून देण्यामागे कारण आहे. मराठीत या विषयावर जे थोडंफार लिहिलं गेलं, ते बहुतेक शहराकडे तोंड करून. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कामाठीपुरा यावा, पुण्याची बुधवार पेठ यावी, आणि ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणत त्याने पान उलटावं, अशीच त्याची मांडणी. डोंगरातल्या गावात प्रश्न निराळे पडतात. तपासून घ्यायचं तर कुठे? आरोग्य केंद्रातली नर्स शेजारच्या वाडीतली, रिक्षावाला नात्यातला, औषधाच्या दुकानात पुढे उभा असलेला माणूस रोज देवळात भेटणारा. लघवीला जळजळ होते आहे, जांघेत गाठ आली आहे, अंगावरून पिवळं जातं आहे, हे कुणापुढे बोलायचं? ‘कोणाक कळूक नको’ ही काळजी आजारापेक्षा मोठी होऊन बसते आणि तिच्यापायी महिने निघून जातात. त्या वाया गेलेल्या महिन्यांत आजार वाढतो, घरातल्या दुसऱ्या माणसाला लागतो, कधी पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. हे पुस्तक त्या महिन्यांसाठी लिहिलेलं आहे.

विषयाचा आवाका आधी सांगितलेला बरा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे तीन विषाणू रक्तातून पसरतात. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, हर्पिस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हे संसर्ग शरीरसंबंधातून लागतात. दोन्ही गट एकत्र घ्यायचे, कारण त्यांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. असुरक्षित संबंधातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीही लागतात, दूषित सुईतून आणि रक्तातून तिन्ही विषाणू शिरतात, आणि यांतले बरेचसे संसर्ग आईकडून बाळाकडे जातात. गरमीचा व्रण असलेल्या माणसाला एचआयव्ही लागण्याचा धोकाही वाढतो, कारण फाटलेल्या त्वचेतून विषाणूला आत शिरणं सोपं पडतं. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचं पाणी प्यायल्याने, डास चावल्याने किंवा आजारी माणसाला जवळ घेतल्याने एचआयव्ही होत नाही. हे हजार वेळा सांगून झालं असलं तरी अजून सांगावं लागतं.

आकडे पाहिले की ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणायला जागा उरत नाही. भारतात एचआयव्हीसह जगणारी माणसं सुमारे २५ लाख, त्यांतली जवळजवळ चार लाख एकट्या महाराष्ट्रात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात हिपॅटायटिस बीचा संसर्ग असलेले लोक २ कोटी ९८ लाख होते आणि सीचे ५५ लाख. गनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांचे जगभरात रोज दहा लाखांहून जास्त नवे रुग्ण होतात. बऱ्या होणाऱ्या, हा शब्द पुन्हा वाचावा. या पुस्तकातल्या बहुतेक आजारांवर आज औषध आहे, काहींवर लस आहे, आणि सरकारी दवाखान्यात त्यांतलं पुष्कळसं फुकट मिळतं. अडतं ते औषधापाशी पोचताना.

सिंधुदुर्गातल्या माणसाला आजाराबद्दल बोलता येत नाही असं मुळीच नाही. पायाला जखम असताना खाचरात उतरू नये, लेप्टो होतो, हे लावणीला आलेली बाई दुसरीला सांगते. दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आला तेव्हा गोचीड, मेलेलं माकड, जंगलात जाताना घ्यायची काळजी हे विषय घराघरांत निघाले. तीच माणसं गरमी-परम्याचा किंवा एचआयव्हीचा विषय निघाला की उठून जातात. गुप्तता रोग्याच्या हक्काची असते. गावोगाव झालं ते उलटंच: रोगाविषयी तोंड बंद आणि रोग्याविषयी कुजबुज. ही अदलाबदल निस्तरल्याशिवाय पुढचं काहीही नीट लागणार नाही, असं माझं ठाम मत आहे आणि या पुस्तकाची पानं मी त्याच नजरेने वाचली.

हा किनारा या आजारांना नवखा नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त फिरंगरोगाचं, म्हणजे गरमीचं, वर्णन केलं; समुद्रापलीकडून आलेल्या फिरंग्यांबरोबर हा रोग आला, असा तेव्हाचा समज त्यात नोंदला गेला. त्याच शतकात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि गरमीवर वापरल्या जाणाऱ्या चोपचिनीच्या मुळाला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. पुढची साडेतीनशे वर्षं इलाज म्हणजे मुख्यतः पारा: दात पडायचे, लाळ गळायची, आणि रोग पुष्कळदा तसाच राहायचा. १९०५ मध्ये जंतू सापडला, १९१० मध्ये एर्लिख या शास्त्रज्ञाचं साल्वर्सान हे औषध बाजारात आलं, १९४३ मध्ये पेनिसिलिनने गरमी बरी होते हे दिसलं, आणि १९५५ पासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन आपल्याकडेच बनू लागलं. आज लवकर सापडलेल्या गरमीला बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं एकच इंजेक्शन पुरतं. ज्या रोगाने घराणी उद्ध्वस्त केली, त्याचा बंदोबस्त एका इंजेक्शनात होतो आणि तरीही गरमी घेऊन जन्मणारी बाळं आपल्या देशात आहेत, ही गोष्ट मला फार लागते.

मराठीत या विषयावर सरळ लिहिण्याची वाट एका कोकणी माणसानेच पाडली. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हेही लिहिलं, १९२१ मध्ये मुंबईत सल्ला केंद्र काढलं, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक पत्रातून प्रश्न विचारत, कर्वे उत्तरं छापत. १९३४ मध्ये अशा उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला, मासिक चालूच राहिलं. कर्व्यांनी केलेली एक गोष्ट आजच्या आरोग्यसेवकाने उचलावी: ते विचारणाऱ्याचं चारित्र्य तपासत नसत, प्रश्नाचं उत्तर देत. दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्याला ‘कुठे गेला होतास?’ असं विचारलं की तो पुन्हा येत नाही. ‘कधीपासून होतंय?’ असं विचारलं की येतो.

कर्वे मुंबईत लिहीत होते तेव्हा कोकणातले हजारो पुरुष गिरणगावात खोल्यांमधून, खानावळींच्या आधाराने एकटे राहत होते. बायका गावी शेत, गुरं आणि सासूसासरे सांभाळत होत्या; गणपतीला नि शिमग्याला नवरा यायचा. या विभागलेल्या संसारांनी आपल्याला मनीऑर्डरी दिल्या आणि आजारही दिले. चाकरमान्यांना नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. वर्षातले दहा-अकरा महिने घर तोडून ठेवणाऱ्या व्यवस्थेने जे केलं, त्याचं बिल गावातल्या बायकांच्या शरीरावर फाटलं, एवढं मात्र स्पष्ट म्हणायला हवं. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक विवाहित आणि फक्त नवऱ्याशी संबंध असलेल्या. त्यांच्यातही १३.६ टक्के जणींना एचआयव्ही निघाला. या बायकांनी ‘सावध’ राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं होतं? नवऱ्याला निरोध वापर म्हणण्याची सोय किती घरांत होती, आज किती घरांत आहे?

त्याआधीच, १९८९ मध्ये, गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी जगाला हादरवलं होतं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं हे बाईच्या जातीला लागलेलंच, असं समजून त्या जगत होत्या. सिंधुदुर्गातही धुपणी म्हटलं की चारचौघींचा सल्ला, एखादा काढा, आणि मग गप्प बसणं. पांढरं जाण्याचं प्रत्येक दुखणं संसर्गाचं नसतं आणि संसर्गाचं प्रत्येक दुखणं नवऱ्याकडून आलेलं नसतं, हे पुस्तकात नीट उलगडलं आहे. ते प्रकरण आधी बायकांनी वाचावं आणि नंतर घरात उघडं ठेवावं.

आता गोव्याकडे वळतो, कारण सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार परका नाही आणि मोठं दुखणं आलं की बांबोळीच्या इस्पितळाचा रस्ता पाठ आहे. म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. कशासाठी, हे त्याला सांगितलं नव्हतं. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा माणसाला वेगळं कोंडण्याची मुभा दिली होती. एका जुन्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात त्याला ६४ दिवस ठेवलं गेलं. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेल्या. डॉमिनिक सुटला, पण वेगळं ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. नोकरी गेल्यावर तो घरात लपून बसला नाही, नाव आणि चेहरा घेऊन लोकांपुढे उभा राहिला, आणि १९९२ मध्ये त्याच्या पुढाकाराने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. २००५ चा ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट त्याच्याच आयुष्यावर बेतलेला होता.

डॉमिनिकला कोंडून गोव्यातला एकही संसर्ग थांबला नसेल. विषाणू हवेतून पसरत नव्हता, आणि कोंडलं जाण्याच्या भीतीने तपासणीपासून लांब पळालेली माणसं न कळता तो पुढे देत राहण्याची शक्यता मात्र वाढली. सार्वजनिक आरोग्यात शिक्षा आणि उपचार एका दारातून आत येऊ शकत नाहीत, हे आपल्या शेजारच्या राज्यात इतक्या ढळढळीतपणे सिद्ध झालं आहे. नंतर कायदा हळूहळू शहाणा झाला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या खटल्यात, त्याचं नाव गुप्त ठेवून, असा निर्णय दिला की काम करण्याइतकी तब्येत ठीक असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी नाही, परवानगीवाचून कुणाला सांगणं नाही, शाळा, नोकरी, घर, दवाखाना यांत भेदभाव नाही, ही त्याची हाडं. आंबोलीत एखाद्या मुलाला कुणी शाळेतून काढू पाहिलं, तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला हा कायदा आहे.

उपचारांची गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे आणि तिचे काही महत्त्वाचे टप्पे आपल्याच राज्यातले आहेत. एचआयव्हीच्या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता, तेव्हा २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं ३५० डॉलरला देऊ केली आणि आफ्रिकेपासून आशियापर्यंतचं चित्र पालटलं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली; मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. २०१७ पासून नियम असा की एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू, रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी कमी होण्याची वाट बघायची नाही. आता बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. आणि २०११ मध्ये नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या चाचणीने, ज्यात पुण्याचं केंद्रही होतं, दाखवलं की एका जोडीदाराला वेळेत औषध सुरू झालं तर दुसऱ्याला त्याच्याकडून संसर्ग होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं: औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे खाली गेला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. आंबोलीतल्या एखाद्या जोडप्याला हे वाक्य कुणी सांगितलेलं असेल का, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. घरातल्या घरात वेगळी चटई, वेगळा पेला, आणि वर्षानुवर्षं न बोललेलं दुःख यांना या एका वाक्याने पूर्णविराम मिळू शकतो.

गोळी रोज लागते, आणि इथे भूगोल आडवा येतो. औषधाचं केंद्र जिल्हा रुग्णालयात, ओरोसला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आषाढात घाटात दरड येते, एसटी बंद होते. डोस चुकत राहिले तर विषाणू औषधाला सरावतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्याव्यात. कोविडच्या काळापासून स्थिर रुग्णांना असा साठा देण्याची पद्धत रुळली आहे. मागायला संकोच करू नये. आपण मेपासूनच चुलीची लाकडं भरतो, त्याच वेळी ही बेगमीही करावी.

हिपॅटायटिसबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपल्याकडे ‘कावीळ’ या एका शब्दाखाली पाच वेगळे विषाणू दडलेले असतात. ए आणि ई हे दूषित पाण्यातून-अन्नातून येतात आणि बहुतेक निरोगी माणसांत आपोआप बरे होतात. गावात कुणीतरी झाडपाल्याचं औषध देतो, कुणी नाकात थेंब घालतो, कुणी मंत्राची माळ बांधतो. पंधरा दिवसांत डोळे निवळतात आणि श्रेय औषधाला जातं. देणारी माणसं बहुधा प्रामाणिक असतात, पैसेही घेत नाहीत. पण बी आणि सी यांची चाल वेगळी आहे. ते पुष्कळदा डोळे पिवळे न करताच यकृतात घर करतात, वीस-तीस वर्षं गप्प राहतात, आणि पोटात पाणी झालं किंवा यकृताचा कर्करोग निघाला म्हणजे उघड होतात. (गरोदरपणात ई सुद्धा जिवावर बेतू शकतो, तेव्हा पोटुशी बाईला माळ बांधून घरी ठेवणं हा धोकाच.) कावीळ झालेल्या प्रत्येकाने एकदा रक्त तपासून ती कुठली आहे हे जाणून घ्यावं. मग माळ बांधायची असेल तर खुशाल बांधावी.

हिपॅटायटिस बीचा संसर्ग मोठ्या माणसाला झाला तर शंभरातले पंचाण्णव जण तो स्वतःहून झटकून टाकतात. जन्मताना झाला तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. म्हणून पहिल्या २४ तासांतली लस एवढी महत्त्वाची, आणि त्यानंतरचे सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस. घरी किंवा वाटेत गाडीत बाळंतपण झालं तर हा पहिला डोस हमखास हुकतो. घाटातल्या आशाताईंनी पहिल्या दिवशीची ही सुई लक्षात ठेवली तर त्या एका आयुष्यभराचा आजार टाळतात. ज्याला बी आहे, त्याच्या घरातल्या सगळ्यांनी तपासून लस घ्यावी, आणि वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान आठवडाभर तग धरतो. सीवर लस नाही. पण २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून त्याची औषधं मोफत मिळतात आणि साधारण बारा आठवड्यांत शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. १९८९ पर्यंत ज्या विषाणूची ओळखसुद्धा पटलेली नव्हती, त्याच्यावर एका पिढीत एवढा विजय मिळाला.

सुईचा विषय निघाला आहे तर एका सवयीबद्दल बोलणं भाग आहे. थकवा आला, ताप आला, की ‘डॉक्टर, सुई टोचा’ किंवा ‘एक सलाईन लावा’ म्हणणं खेड्यात अजून चालतं, आणि न टोचणारा डॉक्टर कमी समजला जातो. २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ आली आणि माणसं दगावली. दूषित सुई टोचली गेली तर बीचा धोका शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो, सीचा दोन-तीन, एचआयव्हीचा हजारात तीन. सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगणं हा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर ते न सांगताच करतो. हेच जत्रेतल्या गोंदवण्याला, हेच न्हाव्याच्या ब्लेडला. रक्तपेढीबाबत मात्र आज तुलनेने निर्धास्त राहता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त विकण्यावर बंदी आली, आणि प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासली जाते. आडवाटेने मिळवलेलं रक्त घेऊ नये, एवढं पुरे.

गरमी-परम्याच्या औषधांबद्दल एकच कळकळीची विनंती. सरकारी दवाखान्यात लक्षणांवरून द्यायच्या औषधांची रंगीत पाकिटं असतात: स्रावासाठी करडं, योनिदाहासाठी हिरवं, व्रणासाठी पांढरं, पेनिसिलिन न चालणाऱ्यासाठी निळं, अशी सात. ती जोडीदारालाही द्यायची असतात. दुकानातून परस्पर दोन गोळ्या घेतल्या, जळजळ थांबली, उरलेल्या टाकून दिल्या, बायकोला सांगितलंच नाही, असं झालं की चार दिवसांनी संसर्ग घरातून परत येतो. परम्याचे जंतू एकामागून एक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. भिंतींवर ‘खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्यांकडे गेलेले पैसे आणि वेळ या दोन्हींचा हिशेब तर लागतच नाही.

आणि निरोध. यावर लांबण लावत नाही. तो वापरावा, आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने आणि १९९६ मध्ये संघटित झालेल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बायकांनी दाखवून दिलं की ज्यांना समाज रोगाचं मूळ म्हणत होता, त्याच बायका एकमेकींना शिकवून, गिऱ्हाइकांना बजावून प्रतिबंधाच्या सर्वांत खंबीर कार्यकर्त्या होऊ शकतात. मालमोटारचालक, हॉटेलातली पोरं, खलाशी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, यांच्याशी बोलतानाही हाच आदर लागतो. धोक्याचा प्रसंग घडून गेलाच तर ७२ तासांच्या आत पोचावं. २८ दिवसांच्या औषधाने एचआयव्ही बहुतेक वेळा टाळता येतो. जितक्या लवकर, तितकं बरं.

तर आंबोलीतल्या माणसाने जायचं कुठे? सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात जावं, आणि तिथे ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर गडहिंग्लजला जावं, बेळगावला जावं, गोव्याला कामाला असाल तर तिथे जावं. तपासणीला तालुक्याचं, जिल्ह्याचं बंधन नाही. इतके रस्ते फुटणाऱ्या गावाला ही सोय आपसूक मिळाली आहे. लांब जाऊन तपासून घेणं म्हणजे पळपुटेपणा, असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. ज्याचं त्याचं गुपित ज्याच्या त्याच्या हातात राहायला हवं. गरोदर बाईची एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींची तपासणी पहिल्या तिमाहीतच व्हावी, नवऱ्याने सोबत जाऊन स्वतःचीही करून घ्यावी. उपचाराविना आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याचं प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतं. औषध वेळेत मिळालं तर पाचच्याही खाली येतं.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. गरोदरपणाचं प्रकरण मी पहिलं वाचायला सांगेन, त्यानंतर कावीळ, आणि ज्याला एखादं लक्षण आत्ता सतावतं आहे त्याने सरळ त्या लक्षणाचं पान काढावं. आशाताईंनी, एसटीच्या चालक-वाहकांनी, शाळेतल्या शिक्षकांनी एकेक प्रत जवळ ठेवावी आणि कुणी मागितली तर ‘कशाला हवी?’ असं न विचारता द्यावी. वाचून शंका उरली तर १०९७ या क्रमांकावर एचआयव्ही आणि लैंगिक आजारांबद्दल, आणि १८०० ११ ६६६६ वर हिपॅटायटिसबद्दल विचारता येतं. दोन्ही फोन फुकट आहेत, आणि १०९७ वर मराठीत बोलता येतं, नावही सांगावं लागत नाही.